रेशीमकिड्यांची पंगत

जाईबाई आमच्या प्रयोगशाळेत किडे सांभाळायच्या. एवढं सांगितलं की ऐकणारा नाक मुरडतो, हा माझा नेहमीचा अनुभव. मी प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा आमच्या गिरगावातल्या नातेवाइकांनीही असंच तोंड केलं होतं. प्रभूंच्या मुलीनं झुरळं चिरत बसावं हे त्यांच्या पचनी पडलं नाही. तेव्हा ज्यांना किळस येणार असेल त्यांना खुशाल येऊ दे. गोष्ट जाईबाईंची आहे आणि किडे वगळून ती सांगता येत नाही.

परळला आमच्या कॉलेजच्या मागच्या इमारतीत एक लांबोडकी खोली आहे. रेशीमकिड्यांना मुंबईचा उकाडा सोसत नाही म्हणून तिथला एसी कधी बंद होत नाही. भिंतीला लोखंडी रॅक, रॅकवर ट्रे, ट्रेमध्ये किडे. अंगणातल्या तुतीचा पाला तोडायचा, पुसायचा, कापायचा आणि किड्यांना घालायचा, हे जाईबाईंचं काम. लालबागच्या चाळीतून त्या चालत यायच्या, आल्या आल्या साडी खोचायच्या आणि कोणाशी न बोलता आधी किड्यांचा पाला बघायच्या. आमचा चहा त्यानंतर.

त्यांच्या आईची गिरणगावात खानावळ होती. बायकामुलं कोकणात ठेवून आलेले गिरणी कामगार तिथे दोन्ही वेळा जेवायचे आणि परकर-पोलक्यातली जाई त्यांना वाढायची. त्या खानावळीत एक कायदा होता. पंगतीत भेद करायचा नाही. खात्याचा मुकादम जॉबर असो की रोजंदारीवरचा बदलीवाला, बांगड्याचा तुकडा सगळ्यांना सारखा. आणि वाढणाऱ्याने शेवटी बसायचं, पंगतीला जे वाढलं तेच आपण खायचं. हे जाईबाई इतक्या वेळा सांगायच्या की मी त्यांना चिडवायचे, "जाईबाई, तुमच्या आईनं घटना लिहिली असती तर बरं झालं असतं." त्या हसायच्या नाहीत. मान हलवून म्हणायच्या, "व्हय तर."

त्यांचा हातगुण चाळीत प्रसिद्ध होता. त्यांनी खोचलेली काडी जगते, त्यांनी भरवलेलं पोर बाळसं धरतं, अशी सगळ्यांची ठाम समजूत. उष्टावणाला बाळाला मामाच्या मांडीवर बसवतात आणि सोन्याच्या अंगठीने पहिली खीर चाटवतात, ती मामानेच. पण त्या चाळीत मामाची मांडी फक्त बसायला. अंगठी जाईबाईंच्या बोटात असायची. माझा अशा गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, तरी सांगते, माझ्या हातचे किडे मरायचे आणि त्यांच्या हातचे कोश करायचे.

पण हातगुण येतो तसा जातोही, असं त्या मानत. एके वर्षी त्यांच्या आईचा भात आंबू लागला, आमटी उतरू लागली, जेवणारे आजारी पडले. आईनं एक दिवस डाव खाली ठेवला आणि जावेला म्हणाली, "माझो हात गेलो." परत तिनं कोणाला वाढलं नाही. हे सांगताना जाईबाई स्वतःच्या उजव्या हाताकडे बघायच्या आणि मला ते आवडायचं नाही.

मी सांगतेय त्या वर्षी जाईबाईंच्या घरी नात आली, ओवी. मुलगा धनेश आणि सून अपेक्षा यांना बरीच वर्षं मूल नव्हतं, डॉक्टर झाले, देव झाले. आख्ख्या चाळीच्या पोरांना भरवलेल्या बाईच्या घरात भरवायला पोर नाही, हे जाईबाईंना आतून कुरतडत होतं. आता ओवीचं उष्टावण ठरलं होतं. पाला पुसता पुसता त्या खिरीत वेलची घालावी की जायफळ यावर माझ्याशी वाद घालायच्या. इतक्या खूश मी त्यांना कधी पाहिल्या नव्हत्या.

त्याच सुमारास विहंग आला. विहंग माझा पीएचडीचा विद्यार्थी, हुशार, बोलण्यात घाईघाईचा. त्याला बघायचं होतं की जस्ताच्या ऑक्साइडची अतिबारीक पूड किड्याच्या पोटात गेली तर त्याच्या रक्ताचं काय होतं. ही पूड आपल्या अंगालाही असते, उन्हाच्या क्रीममधून. रंगात असते. तिथून ती पाण्यात जाते, मातीत जाते, पाल्यावर बसते. एकेक कण इतका लहान की केसाच्या जाडीत हजाराच्या वर मावतील. विहंग ती पाण्यात घोळवायचा, दुधट पाण्यात पाला बुडवून वाळवायचा. खोलीच्या डाव्या रॅकला तो पाला, उजव्या रॅकला साधा. दोन्हींतला फरक म्हणजे त्याचा सगळा प्रबंध. जाईबाईंना समजावताना त्याने शॉर्टकट मारला. "मावशी, हे औषध आहे. डावीकडच्यांनाच द्यायचं."

किड्याचं रक्त लाल नसतं. रेशीमकिड्याचं फिकट पिवळं असतं. त्याच्या शेपटीवर एक मऊ टोक असतं, ते जरासं कापलं की थेंब येतो. रक्तातल्या पेशी लगेच जखमेकडे धावतात, एकमेकींना धरतात, भोक बुजवतात आणि ती जागा काळी पडते. काळी पडली म्हणजे किडा वाचला. हे मी वर्गात इतकी वर्षं शिकवत आले होते की त्याचं मला काही वाटेनासं झालं होतं.

डाव्या रॅकच्या किड्यांच्या जखमा काळ्या पडेनात. थेंब यायचा, मग दुसरा. मायक्रोस्कोपखाली पेशींच्या काठाला फुगे आलेले, काही फुटून नुसती सालं राहिलेली. विहंगला आनंद झाला आणि तो होणारच. त्याला हवं होतं तेच दिसत होतं. मीही त्याच्या पाठीवर थाप मारली.

मग एका सकाळी मी खोलीत गेले आणि दारातच थांबले. काय बिघडलंय ते आधी कळेना. एसी चालू होता, दिवे लागलेले होते. मोठे झालेले रेशीमकिडे पाला खातात त्याचा एक सततचा आवाज असतो, चुरचुर, चुरचुर. त्या खोलीत वावरणाऱ्याला तो ऐकूही येत नाही. त्या दिवशी तो नव्हता. पाला ताजा होता आणि एकही किडा खात नव्हता.

सगळ्यांनी माना वर केल्या होत्या. कात टाकायच्या आधी रेशीमकिडा तशी मान वर करून निश्चल बसतो, पण यांची कात टाकून झालेली होती. आणि सगळ्यांची तोंडं एका दिशेला होती, दाराकडे. मी स्वतःला सांगितलं, दारातून उजेड येतो. एक ट्रे उचलून उलटा फिरवून ठेवला. जेवून परत आले तर त्यातल्या सगळ्या माना पुन्हा दाराकडे वळल्या होत्या, आणि दारात जाईबाई पाल्याची टोपली घेऊन उभ्या होत्या.

"म्याडम," त्या म्हणाल्या, "ही माझ्याकडे का बघतायत?"

"किड्यांना धड दिसत नाही, जाईबाई," मी म्हटलं. ते खरं होतं. तरी माझ्या मानेवर काटा आला.

खरी भीती त्यानंतर वाटली, कारण उजवा रॅकही गप्प झाला होता. साधा पाला खाणारे, धडधाकट असायला हवे होते ते. मी एकाच्या शेपटीचं टोक कापलं आणि वाट बघत बसले. थेंब पिवळा होता, पिवळाच राहिला. कागदाने टिपला तर मागून दुसरा आला. मी दुसरा किडा घेतला, तिसरा घेतला. जाईबाई माझ्या खांद्यामागून बघत होत्या.

"हे तर औषधाचे नायत ना?"

"नाहीत."

"मग ह्यांचं रक्त का थांबत नाय?"

 विहंगने एसी तपासला, पाणी तपासलं, तुतीवर कोणी फवारणी केली का ते माळ्याला विचारलं. रोज सकाळी ट्रेच्या कडेला मऊ पडलेले किडे सापडायचे. जाईबाई ते चिमटीत उचलायच्या आणि त्यांची बोटं ओली व्हायची. कोश एकानेही धरला नाही.

चाळीतही बातमी गेली. शेजारच्या मानसीच्या बाळाला जाईबाईंनी मागच्या महिन्यात खीर चाटवली होती, त्याचं नेमकं पोट बिघडलं. दोन दिवसांत बरं झालं, सगळ्याच बाळांचं होतं, पण बोलणाऱ्यांचं तोंड कोण धरणार? अपेक्षा काही बोलली नाही, मात्र उष्टावणाची तारीख पुढे ढकलली. जाईबाईंनी ते मला पाला पुसता पुसता सांगितलं आणि वेलची-जायफळाचा विषय पुन्हा काढला नाही.

एक दिवस त्या नारळ घेऊन आल्या. खोलीच्या उंबऱ्याशी ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घालू लागल्या. "बा देवा म्हाराजा, ह्या मुक्या जिवांवर जा काय वाकडा इला आसात ता दूर कर रे म्हाराजा."

आणि थांबल्या. गाऱ्हाण्याला बाकीच्यांनी साथ द्यायची असते. बाकीचे म्हणजे मी एकटीच होते. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. माझ्या विद्यार्थ्यांनी पाहिलं असतं तर पुढची दहा वर्षं त्यांना विनोद पुरला असता.

"माझ्या हातून काय चूकभूल झाली आसात तर पोटात घाल रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

माझं बोलणं संपतं न संपतं तोच ट्रेमधून आवाज आला. चुरचुर. एका किड्याचा, मग आणखी काहींचा. जाईबाईंनी माझा दंड घट्ट धरला. आम्ही श्वास रोखून ऐकत राहिलो. आवाज थोडा वेळ चालला आणि सगळ्यांचा एकदम थांबला. त्याचं मला आजही काही शास्त्रीय उत्तर देता येत नाही आणि मी देण्याचा प्रयत्नही करत नाही.

विहंगने शेवटी नवे किडे मागवले. सगळं पुन्हा पहिल्यापासून. आठवड्याभरात उजवा रॅक पुन्हा मान वर करू लागला. तेव्हा मात्र मी हट्टाला पेटले. दुपारी जाईबाई पाला घालायला आत गेल्या तेव्हा मी दाराच्या काचेशी उभी राहिले.

त्यांनी डावीकडे औषधाचा पाला घातला, उजवीकडे साधा. हातमोजे काढून खिळ्याला अडकवले. मग डावीकडच्या प्रत्येक ट्रेमधून थोडा थोडा पाला उचलून त्या उजवीकडे गेल्या आणि एकेका ट्रेपुढे वाकून वाढू लागल्या. ओठ हलत होते. मी दार ढकललं तेव्हा शब्द कानावर आले, "घे बाबा, तुका पण. घे, तुका पण."

"जाईबाई, काय करताय?"

त्या दचकल्या नाहीत. लपवण्यासारखं काही करतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. "वाढतंय."

"हा पाला इकडे का?"

"एका खोलीत बसलेली ही. एकांका औषध आणि एकांका नाय? पंगतीत असा करूचा नाय, म्याडम. आणि आजारी पडली तेव्हा मी जास्तच घातलं. औषध ना ते?"

मी खाली स्टुलावर बसले. विहंगचा राग आला, त्याच्या त्या एका शब्दाचा आला, आणि जाईबाईंचा तर येईना, म्हणून आणखीच संताप झाला. पण त्याखाली सुटकाही होती. मी त्यांना सगळं सांगितलं. ते औषध नव्हतं, विष म्हणून घालायची पूड होती. किडे तिने मेले. हातगुणाचा काही संबंध नाही. मला वाटलं, त्यांचा जीव भांड्यात पडेल.

जाईबाईंनी हातातला पाला टोपलीत परत टाकला. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्याच हातानं."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"माझ्या आयेक पण कुठे माहीत होतं?" त्यांनी उजवा हात उलटसुलट केला. "त्या पाल्याचं शेवटचं पान मी तोंडात टाकायचे, म्याडम. वाढणाऱ्यानं खायचं असतं."

 मी घाईघाईने म्हटलं, इतक्याशाने माणसाला काही होत नाही. किड्याचं रक्त वेगळं, आपलं वेगळं. त्या ऐकत होत्या, पण बघत हाताकडेच होत्या.

"आणि हातावरची? ती जाते?"

"साबणाने धुतली की जाते."

"दिसत तर नाय, एवढी बारीक. मग गेली हे कसं कळणार?"

मी म्हटलं, कळतं. कसं ते मी सांगितलं नाही आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही. जाईबाईंना मी ओळखते; गप्प बसल्या म्हणजे पटलं असं नसतं.

पुढे ढकललेलं उष्टावण शेवटी एका रविवारी सकाळी झालं. चाळीतल्या त्या दोन खोल्यांत माणूस मावत नव्हता. ओवी लाल झबल्यात, मामा नीलच्या मांडीवर. अपेक्षाने मला पुढे बसवलं. खरा प्रकार काय झाला ते धनेशने मला सगळ्यांदेखत सांगायला लावलं, आणि मी वर्गात सांगते तसं ठणकावून सांगितलं. हाताचा दोष नाही, पुडीचा आहे. मानसीनेच पहिल्यांदा "बघा, मी म्हणत नव्हते!" म्हणून टाळी दिली. अपेक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने खिरीची वाटी जाईबाईंपुढे धरली. "आई, तुम्हीच."

तेव्हा मी त्यांचे हात पाहिले. राखेने, चिंचेने, लिंबाने, कशाकशाने घासले होते कोण जाणे. बोटांची सालटी निघाली होती, नखांच्या कडा लाल झाल्या होत्या. त्यांनी अंगठी काढून नीलच्या हातात दिली. "मामाचा मान हा. मामानंच देऊक व्हया."

"अहो आई, एवढं सांगितलं ना मॅडमनी?"

"नील देईल," जाईबाई म्हणाल्या आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

नीलने अंगठी खिरीत बुडवून पुढे केली. ओवीने तोंड फिरवलं. पुन्हा केली, पुन्हा फिरवलं. खीर हनुवटीवरून गळ्याकडे ओघळली. जाईबाई इतकी वर्षं पोरं भरवत आल्या होत्या. ओघळ दिसला आणि हात आपसूक पुढे गेला. त्यांनी बोटाने ओघळ टिपला, तेवढ्यात ओवीने दोन्ही मुठींत आजीचं बोट पकडलं, तोंडात ओढलं आणि चोखू लागली.

सगळे एकदम हसले. टाळ्या वाजल्या. "झालं की हो उष्टावण! पोरीनंच ठरवलं!" कोणीतरी फोन पुढे करून फोटो काढला. त्या फोटोत सगळे हसताहेत आणि जाईबाईंचं तोंड उघडं आहे.

त्यांनी बोट खेचून काढलं. पदराचं टोक ओवीच्या तोंडात घातलं आणि जीभ पुसू लागल्या. पुसलं, बघितलं, पुन्हा पुसलं. ओवी आधी गोंधळली, मग रडू लागली, मग रडता रडता तिचा श्वास अडकला. जाईबाई थांबेनात. "थुक गो बाय, थुक. थुक." धनेशने त्यांचा हात धरला, तो त्यांनी झटकला. पोरीने खीर ओकली, त्याच्यासोबत हिरड्यांवरचा रक्ताचा लाल ओरखडा दिसला, आणि अपेक्षाने किंचाळून तिला नीलच्या मांडीवरून उचललं.

"आई, काय करताय! मारून टाकाल तिला!"

खोली गप्प झाली. इतकी माणसं आणि कोणी हलेना. सगळ्यांनी माना वर केल्या होत्या आणि सगळे जाईबाईंकडे बघत होते. अपेक्षा ओवीला छातीशी धरून आतल्या खोलीत गेली आणि दाराला कडी लागल्याचा आवाज आला.

ओवीला काही झालं नाही. डॉक्टरांनी बघितलं, हसून परत पाठवलं. अपेक्षाने नंतर जाईबाईंची माफी मागितली, पायाही पडली. ती चांगली मुलगी आहे. जाईबाईंनी आमचं काम सोडलं, पण मी अधूनमधून लालबागला गेले की त्यांच्याकडे डोकावते. ओवी आता चालते. गॅलरीतून धावताना पडते आणि रडते. सगळ्यांत आधी जाईबाईच धावतात. पोरीपाशी पोचून गुडघ्यांवर बसतात, दोन्ही हात पुढे करतात आणि हातभर अंतरावर थांबवतात. ओवी त्या हातांकडे बघून आणखी मोठ्याने रडते. मग जाईबाई अपेक्षाला हाक मारतात.